माता-प्रबोधन प्रमुख

सन १९७१ च्या जून महिन्यात आमच्या गावातल्या सहा ते अकरा वयाच्या झाडून सगळ्या मुलांना शाळेत आणायचं ठरलं. हे गावाने ठरवलं नव्हतं, मुलांनी तर नव्हतंच. ते वर ठरलं होतं. शिक्षण खात्यात वर ठरलेली गोष्ट खाली येईपर्यंत सहा वर्षांची मुलं सहज अकरा वर्षांची होतात. पण या वेळी पत्रक टपालाने न येता गहिनीनाथ गुरुजींच्या सायकलवरून आलं, म्हणून वेळेत पोचलं.

गाव राहुरी तालुक्यातलं, कालव्याच्या पाण्यावरचं, चहूकडे ऊस. नाव सांगत नाही, कारण मी अजून नोकरीत आहे. गहिनीनाथ गुरुजी आमच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि मी, मार्था जॉर्ज, सहशिक्षिका. गावात सगळे मला नुसतं 'बाई' म्हणतात.

पत्रकात लिहिलं होतं की, मुली शाळेबाहेर राहण्याचं प्रमुख कारण म्हणजे घरी धाकटं भावंड सांभाळणे हे होय. सबब प्रत्येक शाळेने एक माता-प्रबोधन प्रमुख नेमावा व तो शक्यतो स्वतः माता असावा.

"शाळेत बाया दोन," गुरुजी म्हणाले. "त्यातल्या एकीचं लग्न व्हायचंय. म्हणजे माता म्हणून तुम्हीच."

"गुरुजी, घरी माझंही तान्हं आहे हो."

"म्हणूनच तर! अनुभवाचे बोल लागतात. अविवाहित बाईचं कोण ऐकणार?"

अनुभव मला होता हे खरं. सुवार्ता सहा वर्षांची, नुकतीच पहिलीत बसलेली. पाटी-दप्तर उशाशी घेऊन झोपायची. धाकटा शांतवन अजून रांगता. त्याचं नाव ठेवताना आम्ही जरा घाई केली, कारण शांत तो फक्त बनुबाईच्या मांडीवर राहायचा. बनुबाई म्हणजे शेजारची म्हातारी. सकाळी मी त्याला तिच्याकडे द्यायची आणि सुवार्ताचा हात धरून शाळेला जायची. संध्याकाळी बनुबाई तो परत द्यायची, वर पोर कसं वाढवावं याचे चार शब्द सुनवायची.

राहिले सुवार्ताचे पप्पा. जॉर्ज साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर लिहायच्या कामाला, पण हंगामी. उन्हाळ्यात गळीत संपलं की बॉयलर थंड होतो, चिमणी थंड होते आणि जॉर्जही थंड होतात, ते थेट दिवाळीपर्यंत. या दिवसांत घरी बसल्याबद्दल कारखाना त्यांना थोडा भत्ता देतो. जॉर्ज प्रामाणिक आहेत, त्यामुळे ते घरी बसतात. ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकतात. संध्याकाळी मी दमून आले की देशात काय चाललंय ते मला समजावून सांगतात. स्वभावाने गरीब माणूस. आजवर माझ्यावर आवाज चढवलेला नाही. चहा गार झाला तरी तसाच पितात.

नेमणूक झाल्यावर मी भाषण तयार केलं. ते मला फार आवडायचं. "मायबहिणींनो, मुलगी म्हणजे धाकट्या भावंडाला अडकवून ठेवायची खुंटी नव्हे," असं त्यात सुरुवातीलाच होतं. शाळा सुटली की मी गल्लोगल्ली ते म्हणत फिरायची. सुवार्ता माझ्यामागून चालायची आणि तिलाही ते पाठ झालं होतं.

पहिलं घर रतनबाईचं. तिची मनकर्णा आठ वर्षांची, कडेवर भाऊ घेऊन दारात उभी. रतनबाईने माझं सगळं भाषण मान डोलावत ऐकून घेतलं.

"बाई, तुमचं बोलनं लई ग्वाड हाय," ती म्हणाली. "पर उद्या म्या खुरपायला गेल्यावर ह्याला कुठं ठिवू? बांधावर ठिवलं तर मुंगळं चावत्यात."

"घरी दुसरं कोणी नाही का?"

"कोन असनार? सासू गेली गेल्या साली. आमचे मालक हायती, पर ते पारावर असत्यात."

"म्हणजे कोणीच नाही."

"कोनीच न्हाई," रतनबाई म्हणाली.

मला तिची दया आली. मी सर्वेक्षणाच्या रकान्यात 'सांभाळण्यास घरी कोणी नाही' असं लिहिलं. पुढे गावभर हिंडले तर घरोघरी तीच परिस्थिती. कुणाचे मालक चावडीवर, कुणाचे देवळाच्या ओट्यावर पत्ते कुटत, कुणाचे दुपारचे झोपलेले. घरात कोणी म्हणून कोणी नाही. एवढ्या मोठ्या गावात एवढी माणसं असून घरं इतकी रिकामी कशी, याचं मला नवल वाटलं.

पण मी हार मानणारी नव्हते. "मुलीला पाठवा, अन् बाळाला घेऊनच येऊ द्या!" असं मी रतनबाईला सांगून टाकलं. माझ्या या उदार धोरणाची बातमी गावात वाऱ्यासारखी पसरली.

पुढच्या सोमवारी माझ्या पहिलीच्या वर्गात जितक्या मुली तितकी तान्ही पोरं जमा झाली. काहींच्या कडेवर एक आणि बोटाला एक. मी फळ्यावर 'कमळ' लिहिलं तेव्हा एक रडत होतं. 'बदक' लिहिलं तेव्हा सगळी रडत होती. एकाने खडू खाल्ला. एकाने हजेरीपटावर असं काही केलं की त्या दिवशीची हजेरी नव्याने मांडावी लागली. शेजारच्या चौथीच्या वर्गातले पाढे बंद पडले. शेवटी गुरुजी दारात येऊन उभे राहिले. त्यांनी बराच वेळ नाकाला रुमाल लावून पाहणी केली.

"मार्थाबाई, ही शाळा आहे का देवीची जत्रा? नियम करा काहीतरी."

नियमाचा मसुदा मीच केला. माझं अक्षर चांगलं आहे. 'पटावर नाव नसलेल्या कोणत्याही व्यक्तीस, मग ती कोणत्याही वयाची असो, वर्गात बसता येणार नाही.' वाक्य इतकं घोटीव उतरलं होतं की गुरुजींनी ते दारावर लावलं. दुसऱ्या दिवशी पोरं गेली आणि त्यांच्याबरोबर मुलीही गेल्या. वर्गात सुवार्ता आणि आणखी चार जणी उरल्या. दुपारी मनकर्णा खिडकीच्या गजाला धरून बाहेरून फळा वाचत होती. नियमाप्रमाणे खिडकीतून वाचायला बंदी नव्हती, पण भाऊ जड झाला तशी तीही गेली.

त्या दुपारी मला खरंच वाईट वाटलं. आणि माझं हे नेहमीचंच आहे. मला वाईट वाटलं की मी योजना काढते.

योजना अशी: बनुबाई माझं एक पोर सांभाळते, तर तिने सगळ्यांचीच सांभाळावीत. मारुतीच्या देवळामागे धर्मशाळेची खोली रिकामी होतीच. गुरुजींना कल्पना पसंत पडली. त्यांनी ती वर कळवली आणि वर बसलेल्यांना अशा योजनेची गरजच होती. महिन्याच्या आत मंजुरी आली. 'शेतमजूर माता बालसंगोपन केंद्र'. पाटी लागली. दोन सतरंज्या आल्या, एक पितळी घंटा आली. घंटा कशाला ते कुणालाच कळलं नाही, पण यादीत होती म्हणून आली. बनुबाईची 'संगोपिका' म्हणून नेमणूक झाली आणि तिने अंगठा उठवला. उद्घाटनाच्या नारळाचं खोबरं मीच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शांतवनला घेऊन केंद्रावर गेले. बनुबाई दारातच उभी. ती नवं लुगडं नेसली होती आणि चेहऱ्यावर ओळख ठेवलेली नव्हती.

"न्हाई घ्यायचा," ती म्हणाली.

"अगं बनुबाई, मी आहे, मार्था!"

"म्हून तर न्हाई. कागदात काय लिव्हलंय? शेतमजूर माता. तू मजूर हायस का? तू पगारी. पगारी बाईचं पोर घेतलं तर माजं काम जाईल, असं गुर्जी बोललेत."

"मग पहिल्यासारखा घरी सांभाळ."

"आता घरी कुठं असते मी? दिसभर हितं असते. सरकारी हाय मी आता."

शांतवनने तिच्याकडे दोन्ही हात पसरले होते. बनुबाईने तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले. तेवढं एक तिने बिनसरकारी केलं. आत मनकर्णाचा भाऊ तिच्या सतरंजीवर निवांत लोळत होता.

मी गुरुजींकडे गेले. त्यांना माझी अडचण पटली. खात्यातल्या माणसाला अडचण फार लवकर पटते. "पण तुमच्याच योजनेत तुमचंच पोर," ते म्हणाले, "लोक म्हणतील बाईंनी स्वतःसाठीच केलं." हे मलाही लागलं. माणसाला अब्रू असते. वर्गात घेऊन बसू का, असं मी विचारणार होते, पण गुरुजींच्या डोक्यामागेच दारावर माझं ते घोटीव वाक्य होतं. मग रजा मागितली. "देतो की," गुरुजी म्हणाले, "फक्त बदली माता-प्रबोधन प्रमुख द्या." दुसऱ्या बाईंचं लग्न अजून ठरलेलं नव्हतं.

घरी येऊन मी सगळं जॉर्जना सांगितलं. त्यांनी ट्रान्झिस्टर बारीक करून ऐकून घेतलं. एवढं ते माझ्यासाठी नेहमी करतात.

"कठीण आहे," ते म्हणाले. "बाईमाणसाला नोकरी म्हणजे तारेवरची कसरतच. तुझ्या आईला बोलवायचं का नगरहून?"

"गुडघ्यांमुळे तिला उठवत नाही हो."

"मग खरंच कोणी नाही," जॉर्ज म्हणाले. बराच वेळ आम्ही दोघं समोरासमोर बसून विचार करत राहिलो. शांतवन त्यांच्या पायाशी रांगत होता. त्याने त्यांची चप्पल तोंडात घातली, तेव्हा त्यांनी मला तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सुवार्ता घरी राहिली. "दोनचार दिवस फक्त," मी तिला म्हटलं. तिने दप्तर खुंटीला अडकवलं आणि शांतवनला उचललं. तो तिच्या निम्मा होता. ती एका बाजूला वाकून चालायची. मी शाळेत गेले. वर्ग गच्च भरला होता. सुवार्ताच्या जागेवर मनकर्णा बसली होती आणि मोठ्याने 'कमळ' वाचत होती. मला आनंद झाला. आनंद झाला असंच मी म्हणते, कारण अहवालात तसंच लिहिलं आहे.

दोनचार दिवसांचे आठवडे झाले. मी रोज शाळा सुटल्यावर पारापासून वेशीपर्यंत जाऊन मुलींना घरी अडकवू नका म्हणून सांगायची आणि मग घाईघाईने घरी यायची, कारण माझी मुलगी घरी अडकलेली असायची. सुवार्ता विचारायची, "आई, उद्या येऊ?" मी म्हणायची, "बघू." मग तिने विचारणं सोडलं. शांतवनला झोपवताना ती ओवीऐवजी माझं भाषण म्हणायची. चाल तिने स्वतःच लावली होती. 'मायबहिणींनो' पर्यंत तो डोळे मिटायचा.

श्रावणात पत्र आलं की दिपोटीसाहेब भेटीला येत आहेत. खात्याने त्यांचा हुद्दा कधीच बदलून विस्तार अधिकारी केला आहे, पण गावाने अजून त्यांचा 'दिपोटी' काढून घेतलेला नाही. शाळेची उपस्थिती शंभर टक्के असल्यास तालुक्यातली आदर्श शाळा म्हणून आमचं नाव वर जाणार होतं. गुरुजींनी हजेरीपट पाहिला. सगळी पानं स्वच्छ, फक्त एका नावापुढे गैरहजेरीच्या खुणा.

"मार्थाबाई, सबंध गावात एकच मुलगी शाळेत येत नाही."

"हो गुरुजी."

"आणि ती तुमची."

मी मान खाली घातली. गुरुजी मात्र चिडले नाहीत. ते मनाने मोठे आहेत. "असं करू," ते म्हणाले, "नावच कमी करू. पटावर नसलेला विद्यार्थी गैरहजर कसा राहील?"

"पण मग ती शाळाबाह्य मूल म्हणून सर्वेक्षणात येईल. गावात एकही शाळाबाह्य मूल नाही असं मीच लिहून दिलंय."

"गावात नाही ना? मग ती गावात नाही. तुमचे दीर आहेत ना नगरला?"

होते. शलमोनभावजी नुकतेच नगरजवळ नागापूरला नव्या कारखान्यात लागले होते आणि तिघा जणांत एक खोली घेऊन राहत होते. त्या खोलीत सुवार्ता स्थलांतरित झाली. कागदावर पालकाची सही लागते. जॉर्जनी ती केली. त्यांची सही देखणी आहे. काट्यावर हंगामभर सह्या करून हात बसलाय. "नंतर परत घालता येईल ना नाव?" एवढं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नागापूरच्या शाळेचा दाखला आणला की येईल." नागापूरच्या कुठल्या शाळेचा, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. आपल्या हाताने आपल्या पोरीचं नाव खोडणारी बाई मी, आणि खोडताना पट्टी लावून सरळ रेघ मारली होती.

भेटीच्या दिवशी निघताना मी जॉर्जना बजावलं, "आज तिला बाहेर सोडू नका. ती नागापूरला आहे."

"बरं," जॉर्ज म्हणाले.

शाळेच्या पटांगणात मंडप घातला होता. समोर सगळ्या माता, लुगड्याच्या घड्या मोडून आलेल्या. बनुबाई केंद्रातली पोरं घेऊन पुढच्या रांगेत, हातात ती पितळी घंटा. शेवटी एकदाचा तिला उपयोग सापडला होता. मागे पुरुषमंडळी, आज पार रिकामा होता. दिपोटीसाहेबांनी हजेरी तपासली. शंभर टक्के. त्यांनी पान उलटून पालटून पाहिलं, तरीही शंभर टक्के. त्यांनी मला खण-नारळ दिला आणि म्हणाले, "प्रत्येक गावाला अशी एक मार्थाबाई मिळाली, तर या जिल्ह्यात एकही मुलगी घरी राहणार नाही." टाळ्या झाल्या. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी उभी राहिले. "मायबहिणींनो," मी म्हणाले, "मुलगी म्हणजे धाकट्या भावंडाला अडकवून ठेवायची..."

"आई!"

फाटकात सुवार्ता उभी होती. कडेवर शांतवन, लालबुंद होऊन रडणारा. तिचा परकर एका बाजूने ओला होता आणि ती वाकलेलीच होती.

"आई, हा कधीचा रडतोय. पप्पा म्हणाले आईकडे ने, त्यांना बातम्या ऐकू येत नाहीत."

गुरुजी चटकन पुढे झाले. "बाईंची मुलगी, साहेब. नागापूरला असते. स्थलांतरित. भेटायला आली असेल आईला."

दिपोटीसाहेबांनी यादी पाहिली. स्थलांतरित, बरोबर होतं. त्यांचं समाधान झालं. पण माणूस कनवाळू. त्यांनी सुवार्ताला जवळ बोलावलं.

"काय गं बाळ, शाळेत जातेस ना?"

"जायची. आता शांतवनला सांभाळते."

"अरेरे. घरी मोठं कोणी नाही का?"

"आहेत ना. पप्पा आहेत."

"ते कामाला जात असतील, बाळ."

"नाही. हंगाम संपला. घरीच असतात." मग तिने जरा विचार केला. शांतवनला सावरून घेतलं आणि माझ्याकडे नाही, दिपोटीसाहेबांकडे बघून अगदी गंभीरपणे विचारलं, "पप्पांनी ह्याला सांभाळलं तर मी शाळेत येऊ?"

मग मागच्या रांगेतून कुणाचं तरी हसू फुटलं आणि मंडपभर लाट आली. पुरुष एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. रतनबाई पदर तोंडात कोंबून हसत होती, "जार्जभाऊ न्हान घालत्यात बगा पोराला!" असं शेजारणीला म्हणून पुन्हा हसली. बनुबाईच्या हातातली घंटा आपोआप वाजू लागली. गुरुजी हसले. दिपोटीसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "भारी विनोदी आहे हो मुलगी," ते म्हणाले, आणि शेऱ्यात त्यांनी शाळेचं वातावरण आनंदी असल्याचं लिहिलं.

आणि मी. मी माता-प्रबोधन प्रमुख, हातात खण-नारळ. जॉर्ज शांतवनला कडेवर घेऊन, खांद्यावर दुपटं टाकून गल्लीतून चाललेत असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मलाही हसू आवरेना. एवढे महिने मी जंग जंग पछाडलं होतं. पत्रकं, केंद्र, नियम, रजा, नगरची आई, सगळं शोधलं. हे एक काही मला सुचलं नव्हतं. सुचलं तेसुद्धा सहा वर्षांच्या पोरीला, आणि विनोद म्हणून.

सुवार्ता मात्र विनोद करत नव्हती. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. साहेब हसतायत, गुरुजी हसतायत, आई हसतेय. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग आपल्याच हातून काहीतरी वेडगळ बोललं गेलं हे तिला कळलं, आणि सगळ्यांसारखी तीही हसली. शांतवनला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि घरी गेली. त्यानंतर तिने ते कधीच विचारलं नाही. वर्गात पाऊल न टाकता पोरीने धडा शिकून घेतला, आणि शिकवायला आम्ही अख्खं गाव हजर होतो.

जॉर्ज दुपटं टाकून चाललेत, हे वर वाचताना तुम्हालाही हसू आलं असेल. लाजू नका. पटावर जागा आहे. तुमची हजेरी मी लावून टाकली आहे.